वृद्धाश्रमाचा खरा खर्च प्रवेशानंतरच

वृद्धाश्रमात राहणे म्हणजे मुलांनी टाकून देणे, ही समजूत महाराष्ट्राच्या शहरांत ओसरू लागली आहे. मुले परगावी वा परदेशी, घरात दोघेच किंवा एकच, अशा स्थितीत अनेकदा ज्येष्ठ स्वतःच हा निर्णय घेतात. मात्र संस्था निवडताना बहुतेकांचे लक्ष अनामत रक्कम आणि दरमहा शुल्क यांवरच असते. खरा प्रश्न पुढचा आहे.

अनेक खासगी संस्थांची अट असते, की प्रवेश घेणारी व्यक्ती हिंडतीफिरती असावी. पक्षाघात, मांडीचे हाड मोडणे किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे ती अंथरुणाला खिळली, की हीच अट आड येते. काही ठिकाणी नातेवाइकांना रुग्णास घेऊन जाण्यास सांगितले जाते, तर काही ठिकाणी शुश्रूषेचे वाढीव शुल्क लागू होते. औषधे आणि डायपर यांचा खर्च निराळाच. थोडक्यात, आधाराची सर्वाधिक गरज असते तेव्हाच आश्रय संपतो किंवा महागतो.

मध्यमवर्गीयांचा हिशेबही येथेच कोलमडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील गुंतवणुकीची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली. त्या वर्षी ठरलेल्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर महिन्याला सरासरी २० हजार ५०० रुपये पडतात. पाच वर्षांच्या मुदतीत हे व्याज वाढत नाही. संस्थेचे शुल्क मात्र वाढत राहते. वर्षाला आठ टक्के वाढ धरली, तरी ते नऊ वर्षांत दुप्पट होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे किमान वेतन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरले, त्यावर तर विसंबण्याची सोयच नाही.

शासकीय आधार दोन टोकांना आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची कल्पना आहे, परंतु ती निर्धनांसाठी. याच कायद्याने मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहभत्त्यास दरमहा १० हजारांची कमाल मर्यादा घातली. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना खुली झाली; तिचे पाच लाखांचे कवच रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, दीर्घकालीन शुश्रूषेसाठी नव्हे. 'महारेरा'ने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. त्यांचा भर उतरंड, लिफ्ट, रुंद दरवाजे अशा बांधकामावर आहे. अंथरुणावरील माणसाची सेवा कोणी, किती पैशांत करायची, हा प्रश्न यांपैकी कशानेच सुटत नाही.

तेव्हा संस्था पाहताना बाग आणि भोजनगृह यांआधी नियमावली पाहणे शहाणपणाचे. रहिवासी परावलंबी झाल्यास त्याला ठेवून घेणार का? रात्री परिचारिका असते का? शुल्कवाढीची मर्यादा लेखी आहे का? अनामत रक्कम परत केव्हा मिळते? तोंडी आश्वासनांवर न थांबता उत्तरे करारात उतरवून घ्यावीत. शक्य असल्यास महिनाभर राहून पाहावे, आणि राहते घर लगेच विकू नये. परतीचा रस्ता तोच असतो.

दरमहा शुल्क परवडते म्हणून संस्था परवडते, असे नव्हे. अंथरुणावरील अखेरची वर्षे जिथे परवडतील, तीच खरी परवडणारी संस्था.