बिबट्या, हायमास्ट आणि मृग नक्षत्र

मागच्या डिसेंबरात गावी गेलो आणि जेवणं झाल्यावर सवयीने गच्चीवर चटई टाकली. गाव अकोले तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. जिल्हा अहिल्यानगर, आमच्या तोंडात मात्र अजून नगरच. वर पाहिलं तर ढग नाहीत, धुकं नाही, चंद्र नाही, आणि तरी आकाश पातळ ताकासारखं. पूर्वेला मृग नक्षत्र उगवलं होतं, पण हरणाचे चार पाय आणि पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सोडला तर बाकी हरीण गायब. कारण शेजारच्या चौकात हायमास्ट लागला होता. उंच खांब, वर चारही दिशांना तोंड करून बसवलेले पांढरेफटक एलईडी फ्लडलाइट, आणि खाली पाटी: कोणाच्या निधीतून, कोणाच्या शुभहस्ते. पाटी रात्री दोन वाजताही चष्म्याशिवाय वाचता येते, हे मान्य करायला हवं. :-)

मी चौथीत होतो तेव्हा, म्हणजे 2006-07 च्या सुमारास, आमच्याकडे दिवसाला दहा-बारा तास भारनियमन असायचं. लाईट गेली की सगळी आळी गच्चीवर. आजी सप्तर्षींना 'बाज' म्हणायची. म्हातारीची बाज, आणि ती चोरायला आलेले तीन चोर. तिच्या आकाशात ऋषी वगैरे कोणी नव्हतेच. आकाशगंगा हा प्रकार मी पुस्तकात वाचायच्या आधी गच्चीवर पाहिला. भारनियमनाला तेव्हा सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या, मीही घातल्या, पण एवढं एक पुण्य त्याच्या खात्यावर जमा आहे.

तर त्या रात्री खाली येऊन आईपाशी कुरकुर केली. आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "तुला तारे बघायचेत, मला बिबट्या बघायचाय. तू जा पुण्याला आणि बस बघत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे ऊस आहे तिथे बिबट्या आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्याच परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या शेतीत बिबटे आणि तरस राहतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. आमच्या लोकांना ते आकड्यांशिवाय माहीत होतं. शेतीची वीज कित्येकदा रात्रीची येते. बाबा एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन मोटार चालू करायला जातात, आणि ते परत येईपर्यंत आई दारातच उभी असते. अशा बाईला 'अंधार वाचवा' म्हणून सांगायला मी कोण? हिंजवडीत सोळाव्या मजल्यावर राहणारा, ज्याच्या सोसायटीत पार्किंगपासून कारंज्यापर्यंत सगळं रात्रभर उजळलेलं असतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. गावाला 'दिवे विझवा' म्हणणं मला पटत नाही, आणि आकाश राखायचं म्हणजे दिवे विझवायचे असंही नाही. आईचा दिवा राहू दे. फक्त त्याची मान खाली करा.

हे थोडं समजावून सांगतो (इंजिनिअरची खोड, चालवून घ्या). चौकातल्या त्या दिव्यांचा कितीतरी उजेड आडवा आणि वर जातो. तो जमिनीवर पडतच नाही. हवेतल्या कणांवर आणि रेणूंवर आपटून तो विखुरतो आणि आकाशाचा पडदा उजळतो. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो, म्हणून दिवसा आकाश निळं. आपण जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून 6500 केल्विनचे निळसर पांढरे एलईडी लावले, म्हणजे नेमका सगळ्यात विखुरणारा रंग निवडला. वीज वाचली हे खरं. पण दिवा स्वस्तात पडतो म्हटल्यावर एका जागी चार लागले.

आणि बिबट्या? एक प्रयोग करा. हायमास्टखाली उभं राहून पलीकडच्या उसाकडे बघा. काळीकुट्ट भिंत दिसेल. झगझगाट डोळ्यात गेला की बाहुली बारीक होते आणि सावलीतलं काही म्हणजे काही दिसत नाही. उलट झाकलेला, खाली बघणारा, पिवळसर दिवा कमी वॅटचा असला तरी अंगणाच्या कडेपर्यंत नीट दाखवतो. आईला मी हे करून दाखवलं. पटल्याचं तिने कबूल केलं नाही, पण "हं" म्हणाली.

असं कुठे झालंय का? झालंय, आणि आपल्याच राज्यात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याआधी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले, जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गावं अंधारात ढकलली नाहीत. तिथेही वाघ-बिबटे आहेत, आणि तिथेही कोणाच्या तरी आया दारात उभ्या राहत असणार.

आमच्या तालुक्यात आकाशापेक्षा जवळचं एक उदाहरण आहे, ते म्हणजे काजवे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या पट्ट्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. ही लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. मध्ये गाडीचा हेडलाइट आला की संभाषण तुटतं. प्रौढ काजव्याच्या हातात जेमतेम काही आठवडे असतात, त्यात एकेक संध्याकाळ महत्त्वाची. आणि येतं कोण? आपणच. पुण्या-मुंबईच्या गाड्या, मोबाइलचे फ्लॅश, तळ्याकाठी तंबू, तंबूंवर लुकलुकणाऱ्या माळा. काजवे बघायला येऊन चिनी माळ लावणाऱ्या माणसाशी काय बोलावं, मला आजवर सुचलेलं नाही.

वनखातं दर हंगामात वेळेचे आणि गाड्यांचे निर्बंध घालतं, पण अंधारात प्रत्यक्ष उभी राहतात ती गावातली पोरं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्हाला रस्त्यावर अशाच दोघांनी थांबवलं. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद बांधलेला. "दादा, हेडलाइट बंद करा, पुढे पायी चला, झाडाखालच्या गवतात जाऊ नका." आमच्या पुढच्या गाडीतले साहेब चिडले, पैसे भरलेत वगैरे म्हणाले. पोरगं शांतपणे म्हणालं, "काजव्यांनी नाय घेतले पैसे." (हे वाक्य मी नंतर ऑफिसात तीन वेळा वापरलं.) त्या पोराने डार्क स्काय हा शब्द ऐकलेला नसेल, पण काम तो तेच करत होता.

आणि मोजणं हेही कामच आहे, हे मला उशिरा कळलं. 'ग्लोब ॲट नाईट' या उपक्रमात साधी माणसं नुसत्या डोळ्यांनी ठरलेलं नक्षत्र बघतात आणि कितपत बारीक तारे दिसले ते नोंदवतात. 2011 ते 2022 या काळातल्या अशा 51 हजारांहून जास्त नोंदींवरून 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आला की आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे ज्या गावात मूल जन्मताना अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभर उरतात. उपग्रहांना ही वाढ एवढी दिसलीच नव्हती, कारण त्यांच्या कॅमेऱ्याला तो निळसर उजेड नीट पकडता येत नाही. माणसाच्या डोळ्यांना आला! त्या नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. आपल्याकडून फार थोड्या, आणि आपल्याकडे हौशी लोकांची काही वाण नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ 1985 पासून. आपण मात्र तारे बघायला दर वेळी आणखी लांब पळतो. हरिश्चंद्रगडावरच्या तारामती शिखरावर गेलो तरी पश्चिमेला, कोकणकड्याच्या पलीकडे, कल्याण-ठाण्याकडचा पिवळट उजेड क्षितिजावर बसलेला असतोच. पळून पळून जाणार कुठे?

कायद्याचं म्हणाल तर आवाजासाठी आपल्याकडे 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर डीजे बंद करायला निदान बोट ठेवायला कलम आहे. प्रकाशाला तसे स्वतंत्र नियम नाहीत. फ्रान्सने 2018 मध्ये आदेश काढून बाहेरच्या दिव्यांना वेळ आणि दिशा दोन्ही घालून दिल्या. आपल्याकडे तोवर ग्रामसभा आहे.

म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहिलो. तीनच मागण्या: फ्लडलाइट खाली वळवा, पुढच्या वेळी दिवे बदलताना 3000 केल्विन किंवा कमी घ्या, रात्री अकरानंतर निम्मे बंद ठेवा. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगं शिकून आलं आन् अंधार मागतंय." खूप हसले लोक. मीही हसलो. खरं तर वाक्य चुकीचं नव्हतं. ज्या पिढीने उजेडासाठी मोर्चे काढले तिला हे असंच ऐकू येणार. सरपंच म्हणाले, "बघू." वायरमन म्हणाला, रिंग खाली घ्यायची विंच जाम आहे, ती सुटली तर दिवे वळवायला अर्धा तास. विंच कोणाच्या निधीतून सुटणार ते ठरायचं आहे.

तोपर्यंत आमच्या अंगणापुरतं केलं. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापला, आतून पांढरा रंग दिला, दारावरच्या दिव्याला टोपीसारखा बसवला, आणि वीस वॅटचा पांढरा काढून नऊचा पिवळा लावला. खर्च नव्वद रुपये आणि एक कापलेला अंगठा. हायमास्ट आडोशाला येईल अशा मागच्या भिंतीशी बसून मृग मोजला. हरणाच्या डोक्याचे तीन बारीक तारे, जे डिसेंबरात नव्हते, ते मिळाले. आकाशगंगा नाही मिळाली.

परवा आईचा फोन आला. म्हटलं, आता काय? म्हणाली, "अरे, ऊस दिसतोय पार कडेपर्यंत. पण तो डबा वाऱ्याने वाजतो रात्रभर. येशील तेव्हा दोन स्क्रू आण. आणि शेजारच्या काकूंना पण एक करून दे, त्या विचारत होत्या."