दोघांची बाबागाडी

एरवी मी हे सदर पुण्यात, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते. यंदा दिवाळी अंकाचा मजकूर मात्र लंडनच्या एका उपनगरातून लिहीत आहे. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी जूनच्या अखेरीस येथे आले. व्हिसा सहा महिन्यांचा. म्हणजे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचे न्हाणे आणि थोरल्या नातीचे रुसवे-फुगवे, सारे काही डिसेंबरच्या आत उरकून मला परतायचे आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नातू झाला. शस्त्रक्रिया करावी लागली. पण दोघेही सुखरूप. थोरली नात तेव्हा दोन वर्षे आणि आठ महिन्यांची. बाळ घरी आले त्याच संध्याकाळी जावई म्हणाले, "आई, आता दोघांची बाबागाडी घ्यायला हवी."

मी हसले. खरे सांगायचे तर मनातून थोडी रागावलेसुद्धा. "अहो, गाडी आहे की घरात! एक बसेल, एक चालेल. आम्ही काय गाड्यांतून वाढवली मुलं? एक कडेवर, एक बोटाला, आणि वर भाजीची पिशवी!"

लेक पलंगावरून म्हणाली, "आई, तुझ्या कडेवर आम्ही होतो खरं. पण तुझ्या एकटीच्याच कडेवर होतो का गं?"

त्या क्षणी मी ते बोलणे मनावर घेतले नाही. जावयांनी मोबाईलवर गाड्या दाखवल्या. पसंत पडलेल्या गाडीची किंमत साडेपाचशे पौंड. मी मनातल्या मनात रुपये केले, साठ हजारांच्या वर गेले आणि पुढे बोललेच नाही. दीड वर्षाने अडगळीत जाणाऱ्या चार चाकांना इतके पैसे!

जावयांना बाळंतपणाची रजा दोन आठवडे मिळाली. येथल्या कायद्याने बापाला हक्काची म्हणून एवढीच मिळते. ती संपली. ते सकाळी साडेसातला बाहेर पडत, संध्याकाळी साडेसहाला परत येत. सप्टेंबरात नातीची बालवाडी सुरू झाली. मोठ्या माणसाला वीस मिनिटांची वाट. नातीच्या पावलांनी चाळीस मिनिटांची. कारण वाटेत प्रत्येक मांजराची विचारपूस करावी लागते आणि प्रत्येक डबक्यात पाय बुडवावा लागतो. मी नातीला सोडायला निघाले की लेकही बाळाला घेऊन हळूहळू बरोबर येई. डॉक्टरांनी तिला थोडे थोडे चालायला सांगितले होते. पण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही, अशी ताकीद होती.

एके दिवशी दुपारी परत येताना पाऊस लागला. बाळ गाडीत झोपलेले. नातीने भर फूटपाथवर बैठक मारली. "पाय दुखतात. माझ्या गाडीत बसायचंय."

"अगं, त्यात बाळ आहे ना!"

"ती माझी गाडी आहे. बाळानं घेतली."

आणि बोलता बोलता ती गाडीवर चढायलाच लागली. गाडी मागे कलंडली. मी दांडा धरला म्हणून बरे. पण तेवढ्यात लेकीने वाकून तेरा किलोची नात उचलली. घरी आल्यावर ती पोटावर हात धरून कितीतरी वेळ कूस न बदलता पडून राहिली. मला म्हणाली, "आई, आज तू होतीस. डिसेंबरात काय करू?"

वाचकहो, तिने पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री सापडले. माझी मुले माझ्या एकटीच्या कडेवर नव्हतीच. सासूबाईंच्या मांडीवर होती, नणंदेच्या खांद्यावर होती, शेजारच्या काकूंच्या ओसरीवर होती. मला बाजारात जायचे असले की मी एकाला घेऊन निघे आणि दुसरे कुणाच्या तरी घरी खेळत राही. वाड्यात बाबागाडी नव्हती, कारण वाड्यात माणसे होती. येथे माझ्या लेकीपाशी ती माणसे नाहीत. तिला गाडी परवडते का, हा आमचा प्रश्न नव्हताच. दोन मुलांना घेऊन ती एकटी घराबाहेर पडू शकेल का, हा प्रश्न होता. घराबाहेर न पडता येणाऱ्या ओल्या बाळंतिणीचे मन कसे कोमेजते, हे आपण बायकांना वेगळे सांगायला नको.

पण गाडी हवी असे ठरले तरी कोणती, हे उरलेच. जावई इंजिनिअर; त्यांचा विश्वास जाहिरातीवर. माझा विश्वास हिशोबाच्या वहीवर. मी म्हटले, "आठवडाभर टिपण ठेवू या." फ्रिजवर कागद लावला. किती वेळा बाहेर पडलो, दोन्ही मुले बरोबर होती का, नात कुठपर्यंत चालली, कुठे बसली.

आठवड्याचा हिशोब असा निघाला: अकरा वेळा बाहेर पडलो. नऊ वेळा दोन्ही मुले बरोबर. जाताना नात जवळजवळ प्रत्येक वेळी चालत गेली. मात्र परत येताना नवांपैकी सात वेळा ती दमली आणि तीन वेळा चक्क उभ्या उभ्या पेंगली. म्हणजे तिला बैठक हवी होती ती येतानाची.

आता पर्याय पाहिले. पहिला, आहे त्याच गाडीच्या मागे उभे राहायची चाकांची फळी जोडायची. स्वस्त आणि सुटसुटीत. पण उभ्या उभ्या पेंगणाऱ्या मुलीला फळीवर कसे उभे करणार? तिचे वय आणखी सहा-आठ महिन्यांनी जास्त असते, तर मी डोळे झाकून फळीच घ्या म्हटले असते.

दुसरा पर्याय, बाळ झोळीत छातीशी आणि नात गाडीत. मला हा फार आवडला. आपल्याकडे बांधकामावरच्या बाया पाठीशी लुगड्याच्या झोळीत पोर बांधून काम करतात, तीच ही विद्या. येथे पुस्तकांसारख्या झोळ्या उसन्या देणारी वाचनालयेसुद्धा आहेत! लेक म्हणाली, "आवडतं गं मला, पण टाके पुरते भरू देत. आणि बाळ आठ किलोचं झालं की?" तेही खरे. झोळी ठेवू या, पण सगळा भार तिच्यावर नको.

उरली दुहेरी गाडी. तिच्यात दोन जाती. एक शेजारी-शेजारी बसायची, दुसरी मागे-पुढे. पहिलीत भावंडे एकमेकांकडे पाहतात, चिमटेही काढतात. ती ढकलायला हलकी जाते असे दुकानदाराने सांगितले. मी पर्समधून माप घ्यायची टेप काढली. गाडीची रुंदी ७६ सेंटिमीटर. घरी येऊन दार पूर्ण उघडून आतली मोकळी जागा मोजली: ७३. तीन सेंटिमीटरांनी साडेपाचशे पौंड वाचवले! नाही तर गाडी बाहेर पावसात आणि आम्ही आत, असा देखावा झाला असता.

मागे-पुढे बसायची गाडी एकेरी गाडीइतकीच रुंद असते, पण लांब. वळणावर जड जाते, फूटपाथच्या कडेवर चढवताना दांडा चांगला खाली दाबावा लागतो. शिवाय वजन. गाडी पंधरा किलो, नात तेरा, बाळ पाच, झाले तेहतीस. आमच्या गल्लीला चढ आहे. हे तेहतीस किलो चढावर ढकलून पाहिल्याखेरीज कुणी पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले.

बसचीही गोष्ट ऐका. लंडनच्या बसमध्ये बाबागाडी उघडी ठेवता येते, पण ती जागा मुळात व्हीलचेअरची. २०१२ साली डग पॉली नावाच्या व्हीलचेअरवरच्या गृहस्थांना इंग्लंडमधल्या एका बसमध्ये चढता आले नाही. त्या जागेत एका बाईंची बाबागाडी होती, आत मूल झोपलेले, आणि गाडीची घडी होत नाही असे बाईंचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ साली निकाल लागला की चालकाने नुसती विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही, त्याहून अधिक प्रयत्न करायला हवा. निकाल योग्यच आहे. ज्याला खुर्चीवाचून गत्यंतर नाही, त्याचा मान पहिला. पण त्याचा अर्थ आमच्या घरापुरता असा, की दोन मुले, एक पिशवी आणि पाऊस यांच्यासह लेकीला प्रसंगी गाडीची घडी करता आली पाहिजे, नाही तर खाली उतरून पुढच्या बसची वाट पाहता आली पाहिजे. भुयारी रेल्वेचे तर नावच नको. निम्म्याहून अधिक स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांवाचून जाता येत नाही.

घडीवरून आठवले. आज घरोघरी दिसणारी छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी एका आजोबांच्या डोक्यातून निघाली. ओवेन मॅक्लॅरेन हे विमानविद्येतले इंजिनिअर. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. त्यांची लेक मॉस्कोहून नातीला घेऊन माहेरी आली ती अवजड गाडी ओढत. ते हाल पाहून आजोबांनी विमानातली विद्या बाबागाडीला लावली आणि १९६५ साली जेमतेम तीन किलोच्या, घडीच्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. लेकीचे हाल पाहिले की आईबापांना काहीतरी सुचतेच. मला विमानविद्या येत नाही. मला ओळखी काढता येतात.

बाळाचा सव्वा महिना झाला आणि आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलो. लंडनचे हे मंडळ १९३२ सालचे. आरती झाली, प्रसाद झाला आणि मी बायकांच्या घोळक्यात विषय काढला. एक ठाण्याच्या बाई चटकन म्हणाल्या, "अहो काकू, माझी मागे-पुढे बसायची गाडी गॅरेजमध्ये पडून आहे! आठ महिने वापरली. मग थोरला पळायलाच लागला, धाकटा एकेरीत मावला. घेऊन जा."

"किंमत?" मी विचारले.

"किंमत कसली? पण फुकट दिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. ऐंशी पौंड द्या. आणि तुमचं काम झालं की पुढं कुणाला तरी द्या."

मी लगेच हो म्हटले नाही. जुनी गाडी घ्यायची तर पारखून. आम्ही दोन्ही मुले बसवून त्यांच्या अंगणात तीन फेऱ्या मारल्या. ब्रेक दाबून उतारावर उभी केली. पट्टे, बकले, घडीची कळ तपासली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळाची जागा पूर्ण सपाट होते का, ते पाहिले. मान धरेपर्यंत आणि पुढेही, साधारण सहा महिन्यांपर्यंत, बाळाला गाडीत आडवेच निजवायला हवे. काही दुहेरी गाड्यांत एकच जागा सपाट होते. तेवढी झाली तरी आपले भागते, पण ती पाहून घ्यावी.

या निमित्ताने माझीही एक चूक सुधारली. ऊन लागू नये म्हणून मी गाडीवर ओढणी टाकीत असे. बाळाला तपासायला घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला हळूच सांगितले, की पातळ कापडानेही आत हवा कोंडते आणि फार गरम होते. त्यापेक्षा गाडी सावलीत ठेवा, वरची छत्री वापरा. शिवाय दांड्याला जड पिशव्या अडकवू नयेत. मूल उतरवले की गाडी पिशवीच्या बाजूला उलटते. भाजी खालच्या जाळीत.

पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. तिलाही दुसरे होणार आहे आणि तिच्याही घरी हाच वाद चालू आहे. तिला मी लंडनचे उत्तर दिले नाही. म्हटले, "तुझ्या सोसायटीच्या लिफ्टचं दार मोज. गाडीची डिकी मोज. फाटकापासून बागेपर्यंतचा फूटपाथ चालून ये. मध्ये खांब, दुचाक्या आणि उखडलेल्या फरशा किती, ते बघ. थोरल्याचं वय बघ. सासूबाई खाली उतरतात का, ते बघ. मग आठवडाभर टिपण ठेव." तिचे थोरले सव्वातीन वर्षांचे आहे आणि सासरे रोज त्याला बागेत नेतात. तिला दुहेरी गाडीची गरज नाही, असे मला वाटते. पण घरातल्यांनी "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणून तिचा प्रश्न उडवून लावू नये. आमच्या वेळी काय काय होते, तेही जरा आठवावे.

गाडी घरी आली, तेव्हा नातीने आधी पुढच्या जागेवर आपली बाहुली बसवली, मग स्वतः बसली, मग मागे वळून बाळाला सांगितले, "ही माझी, ती तुझी." त्या दिवसापासून गाडीचे भांडण मिटले. गंमत अशी, की हक्काची जागा मिळाल्यापासून ती निम्मी वाट चालतच येते.

लेक परवा प्रथमच एकटी दोघांना घेऊन बालवाडीपर्यंत जाऊन आली. मी मुद्दाम घरी राहिले. खिडकीतून पाहत होते. कोपऱ्यावरच्या चढाशी थोडी थांबली, दांडा दाबला आणि गेली. चाळीस मिनिटांनी परत आली, तेव्हा गाल लाल झालेले आणि चेहरा हसरा. तिने येताना पाव आणि कोथिंबीरसुद्धा आणली होती. मी चहा टाकला.

नात गाडीतून उतरली, एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजी, यात दोनच जागा आहेत. मग तू कुठे बसणार?"

मी म्हटले, "मी विमानात बसणार गं." आणि चहात साखर घातली की नाही, हे पाहायला आत गेले.