विश्लेषण : पक्षाघातानंतर घास गिळता येत नाही, सुयांचा उपयोग किती?

पक्षाघातात लुळा पडलेला हात घरातल्या सगळ्यांना दिसतो. घसा लुळा पडला आहे, हे उशिरा कळते. सुमारे निम्म्या रुग्णांना सुरुवातीला गिळण्यास त्रास होतो. श्वासनलिका वेळेवर झाकली जात नाही आणि पाणी, चहा, पेज फुप्फुसात उतरते. त्यातून न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही आणि तेच अधिक धोक्याचे.

सुया कशासाठी?

चीनमध्ये अशा रुग्णांना अ‍ॅक्युपंक्चर देणे नेहमीचेच. तिआनजिनचे डॉ. शी श्वेमिन यांनी १९७२ मध्ये खास पक्षाघातासाठी सुयांची पद्धत बसवली. गिळण्याच्या त्रासासाठी मानेच्या मागे, कवटीच्या खाली आणि कंठमण्याच्या वर सुया टोचतात. त्यामुळे नसा उद्दीपित होऊन मेंदूतील गिळण्याची यंत्रणा पुन्हा कामाला लागते, असा तर्क आहे.

पुरावा काय?

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कोक्रेन’ला २००८ मध्ये निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली, तीही ६६ रुग्णांची. २०१८ च्या आढाव्यात गिळण्यावरील सर्व प्रकारच्या उपचारांच्या ४१ चाचण्या आणि २,६६० रुग्ण होते. त्यांत अ‍ॅक्युपंक्चरही आले. गिळणे सुधारल्याचे दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी. मृत्यू किंवा परावलंबित्व घटल्याचे दिसले नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बरेच रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत आपोआप गिळू लागतात. त्याच काळात सुया टोचल्या की श्रेय सुयांना जाते! दुसऱ्या गटाला खोट्या सुया टोचून तुलना करावी, तर तेही सोपे नाही. अनेक चाचण्यांत एका गटाला व्यायाम आणि सुया, दुसऱ्याला नुसता व्यायाम. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक असतेच.

मग घरच्यांनी काय करावे?

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे या आजारात गुण येण्याची हमी नव्हे. डॉक्टरांना विचारून, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुया घेण्यास हरकत नसावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास सुया टोचणाऱ्याला ते आधी सांगावे. तोंडाने पाण्याचा घोट देण्याआधीही गिळण्याची तपासणी हवीच. घशाचे व्यायाम, घट्टसर अन्न, बसवून भरवणे हे स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्याने चालू ठेवावे. सुयांनी बरे वाटले म्हणून नाकातली नळी घरीच काढू नये; ती कधी निघेल, हे पुन्हा तपासणी करूनच ठरते.