इंग्रजीचे व्याकरण बांधावर शिका!

सेनगाव तालुक्यातल्या आपल्या गोरेगावात कोणत्याही पोराला विचारा, 'कोणता विषय अवघड जातो रे?' बहुतेकांचे उत्तर ठरलेले, इंग्रजी! महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी पाचवीपासून होते. म्हणजे आजचे लेकरू दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकते. तरी चारचौघांत एक सरळ वाक्य बोलायचे म्हटले की घाम फुटतो. दोष लेकराच्या डोक्यात नाही. आपण व्याकरण वहीत कोंडून ठेवले, ते घरात आणि शेतात येऊच दिले नाही.

'आम्हालाच येत नाही, लेकराला काय सांगावं?' असे पालक म्हणतात. अहो, सांगायचे नाहीच, फक्त खेळायला बसायचे.

पहिला खेळ चिठ्ठ्यांचा. बुल, पुल्स, कार्ट अशा तीन चिठ्ठ्या करा. मराठीत 'बैल गाडी ओढतो' म्हणा की 'गाडी बैल ओढतो' म्हणा, ओढणार बैलच. इंग्रजीत मात्र चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की गाडीच बैलाला ओढू लागते! लेकरं पोट धरून हसतील आणि कर्ता आधी, क्रियापद मध्ये, कर्म शेवटी हा नियम जन्मभर विसरणार नाहीत.

दुसरा खेळ गोठ्यातला. एक म्हैस असेल तर 'द बफेलो गिव्ज मिल्क'. दोन झाल्या की 'द बफेलोज गिव्ह मिल्क'. या साध्या वाक्यात 'एस' एकच. एक तर तो म्हशीला द्या, नाही तर क्रियापदाला. दोघांनाही दिला की चूक. गोठ्यातली, अंगणातली दहा वाक्ये अशी फिरवून बघा.

तिसरा खेळ निंदताना भेंड्यांचा. एकाने 'गो' म्हणायचे, दुसऱ्याने 'वेन्ट'. 'ईट' म्हटले की 'एट', 'सेल' म्हटले की 'सोल्ड'. पात संपेपर्यंत वीस क्रियापदे तरी होतात. एक खूणगाठ बांधा. वाक्यात 'डिड' आला की 'वेन्ट' घरी जातो आणि 'गो' परत येतो. म्हणून 'आय डिड नॉट गो'.

चौथा खेळ रात्री जेवताना. प्रत्येकाने तीन वाक्ये बोलायची; काल काय केले, रोज काय करतो, उद्या काय करणार. आईला इंग्रजी येत नसले तरी तिने 'काल'चे झाले, 'उद्या'चे राहिले, एवढे मोजावे. अडले ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारावे.

आता कोणी म्हणेल, हा सगळा पोरखेळ. तसे नाही. फवारणीच्या औषधाचा डबा हातात घ्या. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्या डब्यावर 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रेन' असे लिहिलेले असते. वाक्य क्रियापदाने सुरू झाले की ती आज्ञा, आणि आधी 'डू नॉट' आले की ती मनाई. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, नुसते न वाचणे हे नव्हे. दुकानदाराकडून मराठी माहितीपत्रक मागून घ्याच. पण घरातल्या लेकराने 'बाबा, इथं डू नॉट लिहिलंय' म्हणून हात धरला, तर त्या दोन शब्दांची किंमत कोणत्या शिकवणीच्या फीत मोजणार?

पुस्तक आणि शाळा हवीच. पण महागड्या इंग्रजी शाळेत नाव घातले म्हणजे भाषा आली, हा भ्रम सोडा. थेंबे थेंबे तळे साचे. चुकेल, लोक हसतील, हसू द्या. सायकल शिकताना गुडघे फुटले म्हणून कोणी सायकल सोडली का?

मग आज रात्रीच जेवताना पहिले वाक्य होऊन जाऊ द्या!