विसरभोळा स्पीकर

दिवाळीची झाडलोट करताना आईच्या हातून स्पीकरचे बटण अंमळ जास्तच वेळ दाबले गेले आणि स्वारी घरदार विसरली. पहाटेचे अभंग बंद! मी उगीचच आईवर खेकसलो. "आता हातच लावायची नाही मी त्याला," ती म्हणाली.

तासभर खटपट केली. ॲप आपले जुन्याच नोंदीला हाका मारीत बसलेले. अखेर कन्येने ती नोंद पुसली, फोनचे ब्लूटूथ लावले आणि ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय निवडले. आमच्या स्पीकरला तेवढेच समजते. रीसेटमध्ये पुसला गेलेला पासवर्ड पुन्हा दिला. स्पीकरवरचा दिवा स्थिरावला.

"आजी, बटण तूच दाब."

आईने आधी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याने मी ओशाळलो.

"दाब ना, आई," मी म्हटले.