परदेशगमनाचा कायदा आणि आपले उमेदवार

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत परदेशी नोकरी व शिक्षण मिळवून देणाऱ्या दुकानांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांतील कित्येक ठिकाणी आपली पदवीधर मुले-मुली 'इंटर्नशिप'च्या नावाखाली बसलेली दिसतात. त्यांचे काम काय, तर दिवसभर दूरध्वनी करून गिऱ्हाईक गोळा करावयाचे. वेतन नाही, तीन महिन्यांनी हाती एक प्रमाणपत्र. हिला उमेदवारी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे; ही वेठ आहे, आणि वेठ म्हणजे काय हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावयास नको.

या क्षेत्रातील खरी विद्या कायद्याची आहे. परदेशी कामगार पाठविणाऱ्या दलालापाशी सरकारी नोंदणीपत्र असलेच पाहिजे, असे 1983 चा उत्प्रवास कायदा सांगतो. कामगाराकडून 30,000 रुपये व त्यावरील कर यांहून अधिक शुल्क दलालास घेता येत नाही. दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाला सौदी अरेबिया, कुवेत यांसारख्या 18 देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. त्याचे कार्यालय मुंबईतच आहे. अवघ्या 275 रुपयांत दोन वर्षांचा 10 लाखांचा विमाही मिळतो. पण आखातात निघालेल्या गवंड्याला हे कोण सांगणार? त्याच्या हाती करार असतो इंग्रजीत, आणि तो वाचून दाखविणारा असतो दलालच! तो करार वाचून दाखविणारा सुशिक्षित मनुष्य त्याच्याच वस्तीतून निघावा, अशी आमची इच्छा आहे.

शिवाय 1 सप्टेंबर 2025 पासून परकीयांविषयीचा नवा कायदा अमलात आला असून 1920, 1939, 1946 व 2000 सालचे चार कायदे रद्द झाले आहेत. मुरलेल्या वकिलांनाही तो नव्याने वाचावा लागत आहे. नवख्याला पुढे सरकण्याची अशी संधी वारंवार येत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे उमेदवारी करावीच लागते. ती कोठेतरी उरकून टाकू नये. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अनुसूचित जातींना, स्त्रियांना, कामगारांना व मानवी व्यापाराच्या बळींना विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. फसलेला कामगार याच दाराशी येऊ शकतो.

ज्यांना नोकरी हवी त्यांनी गुप्तवार्ता विभागाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेकडे पाहावे. विमानतळावर पारपत्रे तपासणारे इमिग्रेशन खाते त्याच विभागाच्या अखत्यारीत आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. मात्र मूळ जातीचे नाव असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच काढून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावणे हा आपला जुना रोग आहे.

कॅनडाविषयी शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील वा परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. ठाण्यातील दुकानाचे प्रमाणपत्र तो अधिकार देत नाही.

म्हणून पालकांनी मुलाला दुकानात धाडण्यापूर्वी मालकाला दोनच गोष्टी विचाराव्यात : तुमचा परवाना कोणता व त्याचा क्रमांक काय, आणि करार वाचला जात असता माझा मुलगा शेजारी बसेल काय? मालक उत्तर टाळू लागला, तर मुलाला घेऊन सरळ घरी यावे.