‘कारण अज्ञात’ : निदान की हात झटकणे?

रुग्णालयातून घरी पाठविलेला रुग्ण बरा झालेला असतो, असे गृहीत धरण्यात सर्वांचीच सोय असते. खाट रिकामी होते, विम्याचे प्रकरण मिटते, नातेवाईक कामावर परततात. रुग्णाचे शरीर मात्र ह्या सोयीला बांधलेले नसते. न्यूमोनियातून उठलेली एखादी घरकामगार स्त्री डोळ्यांसमोर आणावी. घरी येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच एका पहाटे तिला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शेजारी कोणी फीट म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. दवाखान्यात रक्तातील साखर ४५ भरते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर येते आणि ‘साखर कमी, अशक्तपणा, कारण अज्ञात’ एवढे कागदावर लिहून तिची बोळवण होते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ‘कारण अज्ञात’ ह्या दोन शब्दांना निदान म्हणावे की हात झटकणे, हा प्रश्न जितका वैद्यकशास्त्राचा आहे, त्याहून अधिक समाजव्यवस्थेचा आहे.

शास्त्राचे म्हणणे प्रथम ऐकावे. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातील साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो आणि उपासाच्या एका दिवसात तो सरत येतो. त्यानंतर यकृत व मूत्रपिंडे नवी साखर घडवितात; अधिवृक्क ग्रंथींचे स्राव त्यांना साहाय्य करतात. ही व्यवस्था इतकी चोख असते की निरोगी माणूस उपाशी राहिला तरी त्याची साखर सहसा ५५ च्या खाली उतरत नाही. ती वारंवार उतरत असेल, तर कोठेतरी नक्की बिघाड आहे. लक्षणे, त्याच वेळी मोजलेली कमी साखर आणि साखर वाढताच लक्षणांचे शमन ही त्रिसूत्री अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल ह्यांनी १९३० च्या दशकातच मांडली. तिन्ही गोष्टी जुळल्या की शोध संपत नाही. तेथून तो सुरू व्हावयाचा असतो.

आणि हा शोध पुष्कळदा अवघडही नसतो. वर कल्पिलेल्या स्त्रीचे उत्तर तिच्याच उशाखाली असू शकते. रुग्णालयात तिला स्टेरॉइड दिले गेले. त्यामुळे साखर चढली, म्हणून ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरविणारी गोळी सुरू झाली. घरी आल्यावर स्टेरॉइड संपले, गोळी मात्र चालूच राहिली. आजारात मूत्रपिंडे दुबळी झाली असतील तर अशा गोळीचा अंमल लांबतो. म्हणूनच एकदा ग्लुकोज देऊन लगेच घरी धाडलेला रुग्ण काही तासांत पुन्हा कोसळू शकतो. किंवा असेही असेल की दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद झाल्याने अधिवृक्क ग्रंथी अजून जाग्याच झालेल्या नाहीत. यकृताचा विकार, न शमलेला जंतुसंसर्ग, रिकाम्या पोटीची दारू, औषधाच्या दुकानात चुकून हाती पडलेली दुसरीच गोळी ही पुढची कारणे. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारी गाठ हे कारण सर्वांत विरळा. म्हणजे यादी लांब आहे, पण तिचे पहिले पान वाचण्यास यंत्र लागत नाही. कोणती औषधे दिली, कोणती थांबविली, कोणती चालू आहेत, एवढे विचारावे लागते.

ते विचारणार कोण? रुग्णालयाचे कार्ड इंग्रजीत, तेही संक्षेपांत. ज्या डॉक्टराने ते लिहिले तो दुसऱ्या शहरात. ज्याच्यापुढे ती आता उभी आहे, त्याच्या दारात शंभर माणसांची रांग. रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात, असा नियम २००२ पासून आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनदही पुढे ठेवली. परंतु जिला कार्ड वाचता येत नाही, तिने नोंदी मागाव्यात कशा आणि मिळाल्यावर करावे काय?

पुढच्या तपासणीची कथाही तशीच. रक्ताचा खरा नमुना झटका आलेला असतानाच, शक्यतो ग्लुकोज देण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. त्यात ग्लुकोजबरोबर इन्शुलिन व सी-पेप्टाइड मोजले, तर इन्शुलिन शरीरातूनच अधिक येत आहे की बाहेरून टोचले गेले, हे कळते. गोळीचा अंश शोधण्यास निराळी तपासणी लागते. नमुना साध्या नळीत तासन्तास पडून राहिला तर रक्तपेशीच त्यातील साखर खातात आणि आकडा खोटा ठरतो. फ्लोराइड घातलेली नळी ही काही चैनीची वस्तू नव्हे. ती हाताशी नसणे आणि नमुना घेण्याची आठवण कोणाला नसणे, ह्यांतून ‘अज्ञात’ जन्माला येते.

ह्यामागे आरोग्यसेवेविषयीची एक विशिष्ट दृष्टी आहे. मोल देता येत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले. त्यानंतरच्या वाटचालीत सेवेची जागा ‘पॅकेज’ने घेतली. शस्त्रक्रिया झाली, इतके. खाटेवर इतके दिवस, इतके. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यावर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला आहे. सोळाव्या दिवशी येणारा झटका कोणाच्या हिशेबात? सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के रक्कम सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत खर्च करू, असे २०१७ च्या धोरणाने सांगितले होते. ते साल सरले, उद्दिष्ट गाठले गेले नाही.

रुग्णाच्या हाती उरतो तो उपदेश : थोडे थोडे, वेळच्या वेळी खा, साखर तपासत राहा. दिवसातून चार वेळा तपासायची तर महिन्याला १२० पट्ट्या लागतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने त्या कोणत्या मिळकतीतून घ्याव्यात? आणि वेळच्या वेळी खाण्यास वेळ कोणाच्या मालकीचा? १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा दंडक घातला, पण तो कारखान्याच्या फाटकापुरता. घरकामगार, बांधकाम मजूर, ऊसतोडणी कामगार ह्यांच्यासाठी भाकरीची घंटा कधीच वाजली नाही. देशाला साखर पुरविण्यासाठी पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या बाईच्या रक्तातली साखर मोजण्याची सोय फडाजवळ नसावी, ह्या विसंगतीवर भाष्याची गरज नाही.

असा आजार विरळा आहे, त्यावर सार्वजनिक पैसा का घालवावा, असे विचारले जाईल. गाठ विरळा आहे. गोंधळलेली औषधयोजना विरळा नाही. करोनाच्या २०२०–२१ च्या साथीत स्टेरॉइड केवढ्या प्रमाणावर वापरले गेले, हे सर्वांनी पाहिले आहे. दोष एकट्या डॉक्टराच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. रुग्णाला घरी पाठविल्यानंतर त्याची जबाबदारी कोणावरच न ठेवणारी रचना ही खरी दोषी आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. घरी पाठविताना चालू व बंद औषधांची यादी मराठीत द्यावी आणि ती वाचून दाखवावी. प्रत्येक उपकेंद्रात साखर मोजण्याचे यंत्र व पट्ट्या विनामूल्य असाव्यात. आशा सेविकेने महिनाभर पाठपुरावा करावा आणि त्या कामाचा तिला रीतसर मोबदला मिळावा. ग्रामीण रुग्णालयात झटक्याच्या वेळी नमुना घेण्याची व कारण न सापडल्यास वैद्यकीय महाविद्यालयात पाठविण्याची ठरलेली पद्धत असावी. असंघटित कामगाराला पगारी आजारपणाची रजा असावी.

तोवर घरोघरी एवढे तरी ठाऊक असावे : रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सावरल्यावर जेवू घालावे, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न ओतता कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत आणि कारण विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारावे. एका घराने विचारलेला प्रश्न हुसकावून लावता येतो. साऱ्या वस्तीने एकमुखाने विचारलेल्या प्रश्नाला ‘अज्ञात’ हे उत्तर फार दिवस पुरत नाही.